सत्तरपैकी सत्तर : ग्रेडेड नाण्यांची पहिली पुस्तिका, नागपूरकर होतकरूंसाठी

या छंदाचा पहिला नियम : नाण्याला हात लावायचा नाही. दुसरा नियम : ज्याला हात लावायचा नाही त्याचे दुप्पट पैसे मोजायचे. दोन्ही कबूल असतील तर पुढे वाचा. नसतील तर इतवारीच्या सराफ्यात जा, चांदीचे बिस्किट घ्या आणि घरी आणून हवे तितके कुरवाळा. तुम्हाला नाद नाण्यांचा नाही, चांदीचा आहे, आणि तो पुष्कळच स्वस्तात भागतो.

आता वस्तू काय आहे ते समजून घ्या. टाकसाळीतून कोरे करकरीत निघालेले, कुणाच्याही खिशात न खुळखुळलेले, ज्याने जन्मात पावशेर कांदेसुद्धा विकत घेतलेले नाहीत असे नाणे निवडायचे. ते अमेरिकेला पाठवायचे. तिथले तज्ज्ञ त्याला ७०पैकी गुण देतात, पारदर्शक कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचे बंद करतात आणि डबीच्या माथ्यावर गुणांचे लेबल लावतात. या डबीला स्लॅब म्हणतात. स्लॅब नागपूरला परत येतो, कपाटात जातो आणि तिथेच राहतो. नाण्याचा जगप्रवास संपला, तुमचा व्यापार सुरू झाला.

साहित्य

दहापट मोठे दाखवणारे भिंग, सुती हातमोजे, टेबलावरचा दिवा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा आणि कुलपाचे कपाट. बाजारात मिळणारे मऊ, वास मारणारे प्लास्टिकचे अल्बम घेऊ नका. ते पीव्हीसीचे असतात, आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की त्यातून हिरवट चिकटा सुटून नाण्यावर बसतो. हा सल्ला खरा आहे. या पुस्तिकेत अधूनमधून असे होईल, दचकू नका.

याशिवाय दोन किमती लागतात. एक दुकानदाराला दिलेली, दुसरी घरी सांगायची. दोन्ही लिहून ठेवा, मात्र एकाच वहीत नको.

नाणे कोणते घ्यावे

स्वतंत्र भारताने पहिले स्मारक नाणे काढले १९६४ मध्ये, नेहरूंच्या निधनानंतर. तेव्हा ते लोकांनी बाजारात खर्चही केले. पुढे सरकारच्या लक्षात आले की खर्च न करण्यासाठीच नाणे घेणारा एक वर्ग देशात आहे, आणि त्याच्यासाठी ७५, १००, १२५, १५०, अगदी १००० रुपयांचीही नाणी निघू लागली. ही चलनासाठी नसतातच. टाकसाळ ती डबीत घालून, दर्शनी किमतीच्या कितीतरी पट भावाने विकते. शंभराची नोट देऊन शंभराचे नाणे मागायला जाऊ नका. तिथले लोक हसत नाहीत, पण मनात नोंद करतात.

नागपूरकराने सुरुवात घरच्या विषयापासून करावी. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा १९९० चा एक रुपया कुणाच्याही जुन्या गल्ल्यात सापडतो. ६ डिसेंबर २०१५ रोजी त्यांच्या १२५व्या जयंतीवर्षानिमित्त दोन नाणी निघाली : एक १२५ रुपयांचे, संग्राहकांसाठी, दुसरे १० रुपयांचे, चलनासाठी. त्यातले दहाचे नाणे काही दिवसांतच भाजीवाल्यांच्या संशयाला पात्र ठरले. दहाच्या नाण्यांवर चित्रे वेगवेगळी, म्हणून लोक ती नकली समजू लागले. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने खरे आहेत. तरी दुकानदार म्हणतच राहिला, "नाही चालत जी, नोट द्या." म्हणजे पाहा : सरकारने चलनासाठी काढलेले नाणे शहरात चालेना, आणि चलनासाठी नसलेल्या त्याच्याच थोरल्या भावाला लोक जपून डबीत ठेवत होते. या धंद्याचे सगळे तत्त्वज्ञान इथेच आटोपते, पण पुस्तिका अजून बरीच बाकी आहे.

संघाच्या शताब्दीनिमित्त १ ऑक्टोबर २०२५ रोजी शंभर रुपयांचे नाणे दिल्लीत प्रकाशित झाले. त्यावर भारतमाता आहे. ज्या शहरात संघ स्थापन झाला तिथे या नाण्याची विचारणा झाली नसती तरच नवल. होतकरूने दोन्ही नाणी घ्यावीत. खरेदीदार कोणत्या चौकातून येईल हे आधी सांगता येत नाही.

शिकण्यासाठी सगळ्यात सोयीचे मात्र २८ मे २०२३ चे नव्या संसद भवनाचे ७५ रुपयांचे नाणे. व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम, धातू मिश्र : निम्मी चांदी, ४० टक्के तांबे, निकेल आणि जस्त पाच-पाच टक्के. हे आकडे पाठ करा. विकताना उपयोगी पडतील, पण तुम्हाला नव्हे; समोरच्याला.

टाकसाळीच्या खुणाही ओळखायला शिका. नाण्यावरच्या वर्षाखाली बारीक चौकट दिसली तर मुंबई, चांदणी दिसली तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. मुंबईच्या प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या, नाण्यांवर इंग्रजी एम हे अक्षर असते. १९८५ च्या रुपयावर वर्षाखाली एच दिसला तर तो इंग्लंडात बर्मिंगहॅमला हीटनच्या टाकसाळीत पाडलेला. त्या काळी आपल्याकडे सुट्यांचा तुटवडा एवढा होता की रुपया बाहेरून पाडून आणावा लागला. हे ज्ञान चारचौघांत सावकाश, नाणे न पाहता सांगायचे. त्याने तुमचा भाव वाढतो. नाण्याचा नाही.

गुण कोण देतो

सत्तर हा आकडा कुठून आला? शंभर का नाही? हा प्रश्न होतकरूने एकदाच विचारावा आणि उत्तर ऐकून गप्प बसावे.

विल्यम शेल्डन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. त्यांचा मूळ उद्योग माणसांच्या शरीरांचे प्रकार पाडण्याचा. लठ्ठ, पिळदार, काटकुळा या तीन अंगांना प्रत्येकी एक ते सात गुण द्यायचे आणि त्यावरून स्वभाव सांगायचा. माणसे संपल्यावर ते अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांकडे वळले. १९४९ मध्ये त्यांनी एक ते सत्तर अशी मोजपट्टी मांडली. हिशेब सरळ होता : पार झिजलेले नाणे एका पटीचे, तर निर्दोष नाणे सत्तर पटीचे. तेव्हाच्या सेंटांच्या बाजारात हे गणित साधारण बसत होते. बाजार बदलला, गणित मोडले, आकडा मात्र राहिला. सत्तरच्या दशकात तिथल्या नाणे संघटनेने तो उचलला. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या निघाल्या, त्यांनी तो प्लास्टिकवर छापला.

शेल्डन १९७७ मध्ये वारले. पुढे उघडकीस आले की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली शंभरावर उत्तम सेंट नाणी काढून त्यांच्या जागी त्यांनी स्वतःजवळची हलकी नाणी ठेवली होती. नाणेपारखीच्या साऱ्या जगाचा विश्वास ज्या पट्टीवर उभा आहे तिच्या जनकाचा हात असा सफाईदार होता. खरेदीदारासमोर ही हकिकत सांगू नका. दुसऱ्या विक्रेत्याचा माल त्याला आवडलेला दिसला तरच सांगा.

पट्टीवर ६० पासून पुढचे प्रत्येक नाणे कोरे समजायचे. साधे कोरे असेल तर आकड्याआधी एमएस, आणि आरशासारख्या चकचकीत साच्यातून मुद्दाम पाडलेले असेल तर पीएफ, म्हणजे प्रूफ. तळ आरसा आणि वरचे चित्र दुधाळ असेल तर पुढे अल्ट्रा कॅमिओ. ७० म्हणजे काय, तर एनजीसीच्या व्याख्येप्रमाणे पाचपट भिंगाखाली टाकसाळीबाहेर लागलेला एकही दोष दिसता कामा नये. ६९ म्हणजे कुठेतरी काहीतरी आहे. कुठे, ते लेबलावर लिहीत नाहीत. दहावीच्या निकालाची ज्यांना सवय आहे त्यांना हे नवे वाटणार नाही : एक गुण कुठे गेला ते कळत नाही, शेजाऱ्याच्या पोराला तो मिळालेला असतो, आणि फेरतपासणीची सोयही आहे. लोक खरोखरच स्लॅब फोडून तेच नाणे पुन्हा पाठवतात. कधी गुण वाढतो. कधी घटतो. शुल्क दोन्ही वेळा सारखेच.

एक गोष्ट मात्र खरी आणि कठोर. पुसलेल्या, घासलेल्या नाण्याला आकडा मिळत नाही. लेबलावर नुसते 'डिटेल्स' येते आणि तो शेरा बाजारात कलंकासारखा चिकटतो. तेव्हा दिवाळीच्या आठवड्यात घरातल्या पितांबरीचा डबा कुठे आहे यावर नजर ठेवा. लक्ष्मीपूजनाच्या ताटात चांदीची नाणी मांडायची म्हटल्यावर कुणीतरी मायेने ती लखलखीत करणार, हे ठरलेले आहे. चांदीवर वर्षानुवर्षे आलेली निळसर-सोनेरी झाक, जिच्यासाठी संग्राहक जास्तीचे पैसे मोजतात, ती सासूबाईंच्या दृष्टीने मळ असतो, आणि त्यांचा हात जोरकस असतो. स्लॅबमधले नाणे पूजेत ठेवायला हरकत नाही. हळदकुंकू प्लास्टिकवर लागते, पुसून निघते. पंचामृताचा अभिषेक मात्र नको. स्लॅब दिसतो तसा हवाबंद नसतो.

पाठवणी आणि हिशेब

नाणे स्वतः पाकिटात घालून एनजीसीच्या पत्त्यावर फ्लोरिडाला धाडायचे नाही. मध्यस्थ असतात. ते चार जणांची नाणी एकत्र करून पाठवतात, म्हणून 'लॉट कधी निघणार?' हा प्रश्न या छंदात पावसापेक्षा जास्त विचारला जातो. समजा, नाणे तुम्हाला ४००० रुपयांना पडले. ग्रेडिंगचे शुल्क, मध्यस्थाची दलाली, जाण्या-येण्याचा आणि विम्याचा खर्च मिळून आणखी ५००० धरा. झाले ९०००. आता ते ९००० च्या वर विकले गेले पाहिजे, आणि त्यासाठी ७० आले पाहिजे. ६९ आले तर घरी सांगायच्या किमतीची वही काढा.

यावर उपाय म्हणून विक्रेते 'टॉप पॉप' हा मंत्र देतात. कंपन्या आपल्या संकेतस्थळावर कोणत्या नाण्याला कोणता गुण किती वेळा दिला याची गणती ठेवतात. तुमच्या नाण्याला मिळालेल्या गुणाच्या वर एकही नाही, आणि त्या गुणाचीही तीनच आहेत, असे दिसले की भाव चढतो. होतकरूने इथे थांबून एक प्रश्न विचारावा : तीनच आहेत की तिघांनीच पाठवलीत? आधुनिक प्रूफ नाणे डबीतून थेट निघालेले असते, त्यामुळे त्यांतल्या बहुतेकांना ६९ किंवा ७० मिळतातच. उद्या कोलकात्याच्या एखाद्या व्यापाऱ्याने एकदम दोनशे पाठवली की तुमचा दुर्मीळ ऐवज रात्रीत सामान्य होतो. गणती वाढते, कमी सहसा होत नाही. तुमच्या मालाची टंचाई दुसऱ्यांच्या आळसावर टिकून असते, हे लक्षात ठेवून शांत झोपायचा प्रयत्न करा.

खरा स्लॅब ओळखण्याची रीत सोपी आहे : लेबलावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका, नाण्याचे वर्णन जुळते का पाहा. तेवढ्यावर थांबू नका. नकली स्लॅब करणारे खऱ्याच स्लॅबचा क्रमांक उचलतात, त्यामुळे क्रमांक बिनचूक निघतो आणि माल बनावट. संकेतस्थळावर फोटो असेल तर त्यातली बारीक रेघ, ठिपका समोरच्या नाण्यावर शोधा. कुठलाच ठिपका नसेल तर नाणे खरोखर ७० असेल किंवा फोटो वाईट असेल.

फोनवर भेटणारे

तुम्ही या छंदात आलात ही बातमी हवेतून पसरते. मग फोन येतो. वैष्णोदेवीचे पाच किंवा दहाचे नाणे आहे का, लाखात घेतो. ७८६ ची नोट आहे का, त्याहून जास्त देतो. फक्त आधी नोंदणीचे अकराशे पाठवा, मग जीएसटी, मग 'आरबीआयचा कर'. वैष्णोदेवीची नाणी २०१२ ची, भरपूर पाडलेली. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितले की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कुणाकडून शुल्क किंवा दलाली मागत नाही. बाकी देशाला हे पत्रक वाचावे लागते. नागपूरकराची सोय निराळी आहे : रिझर्व्ह बँक गावातच आहे, ज्याला आता संविधान चौक म्हणतात आणि लोक अजून आरबीआय चौकच म्हणतात तिथे. फोनवरच्या 'अधिकाऱ्या'ला सांगा, "थांबा साहेब, मी खालीच उभा आहे, वर येतो." फोन आपोआप कटतो. एक रुपयाही न भरता यशस्वी झालेला हा या पुस्तिकेतला एकमेव व्यवहार.

जे नाणे पाठवता येत नाही

होतकरू थोडा तयार झाला की त्याला वाटते, गावाचे स्वतःचे नाणे का पाठवू नये? नागपूरकर भोसल्यांचा रुपया. मुघल बादशहाच्या नावाने पाडलेला, साचा मोठा आणि चकती लहान, म्हणून अक्षरे निम्मी कडेबाहेर गेलेली. प्रशांत कुलकर्णी यांनी नागपूरच्या इंडियन कॉइन सोसायटीसाठी भोसल्यांच्या नाण्यांवर अख्खे पुस्तक लिहिले आहे. ते आधी शोधा, वाचा, मग नाण्याला हात घाला. १८५३ मध्ये तिसरे रघूजी गेले, पुढल्या वर्षी राज्य खालसा झाले, म्हणजे हे नाणे शंभर वर्षांपेक्षा सहज जुने. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे ओलांडलेली वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. गुण मिळवायलासुद्धा नाही.

त्यात आणखी गंमत अशी की या रुपयाची पारख होऊन गेलेली आहे. जुन्या सराफांनी तो दगडावर वाजवला, कस पाहिला, बारीक छिन्नीने आपली खूण ठोकली आणि बट्टा कापून पुढे चालवला. एकेका रुपयावर अशा चार-चार खुणा असतात, म्हणजे चार सराफांनी त्याला पास केलेले असते. फ्लोरिडातल्या परीक्षकाला त्या चारही खुणा दोष दिसल्या असत्या. असो. भोसल्यांचा रुपया पाहायचा असेल तर १८६३ पासून उभ्या असलेल्या अजब बंगल्यात, म्हणजे संग्रहालयात, चक्कर मारा.

विक्री

घेणे सोपे होते. आता विका.

पहिला पर्याय, व्हॉट्सॲप गट. फोटो टाका, खाली 'टॉप पॉप, सिरियस बायर्स ओन्ली' लिहा. तीस जण अंगठा दाखवतील. भाव विचारणारा एकच असेल आणि तोही आपल्याकडच्या तशाच नाण्याचा अंदाज घेत असेल. दुसरा पर्याय, मुंबई-बंगळुरूची लिलावगृहे. ती माल घेतात, पण यादीत लागायला महिने जातात, विकल्यावर दलाली कापतात, आणि घेणाऱ्याकडूनही वरचा प्रीमियम आकारतात, म्हणून तो बोलीच तेवढी कमी लावतो. प्रदर्शनातले टेबलवाले व्यापारी रोख देतात. फक्त ज्या नाण्याला विकताना ते 'मिळत नाही' म्हणत होते, त्यालाच घेताना 'खूप आलंय मार्केटमध्ये' म्हणतात. दोन्ही वाक्ये ते एकाच दिवशी, एकाच नाण्याबद्दल, मनापासून बोलू शकतात.

कुठेच हिंग लावून कुणी विचारले नाही की पाय आपोआप इतवारीकडे वळतात. सराफ स्लॅब उलटासुलटा करतो, खुळखुळ वाजवून पाहतो.

"हे डबीतून काढा ना जी. वजन कसं करू?"

"काढायचं नाही. त्यालेच तर किंमत आहे."

"डबीले?"

"डबीवर नंबर आहे, त्याले."

"मंग नंबर विका भाऊ. नाणं राहू द्या."

तरीही तो माणुसकीने हिशेब मांडून दाखवतो. पंचाहत्तरचे नाणे, ३५ ग्रॅम, निम्मी चांदी, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. किलोला दीड लाखाचा भाव धरला तर २६२५ रुपये. त्यात घट, त्यात त्याचा नफा. शिवाय सरकारी नाणे वितळवायला कायद्याने बंदी, म्हणून तो ते घेणारच नाही. हिशेब फक्त तुम्हाला समज यावी म्हणून होता. चहा मात्र पाजतो.

शेवटी खरेदीदार भेटतो. तो वर्ध्याचा किंवा भंडाऱ्याचा असतो, नवा असतो, त्याने नुकतेच भिंग घेतलेले असते. तो नाण्याकडे बघत नाही, सरळ लेबल वाचतो.

"एकोणसत्तर हाय जी हे."

त्याला समजावून सांगा की ६९ आणि ७० मध्ये उघड्या डोळ्यांना फरक दिसत नाही, भिंगानेसुद्धा मुश्किलीने दिसतो, कंपनीचाच परीक्षक दुसऱ्या दिवशी दुसरा गुण देऊ शकतो, आणि जाणकार माणूस आकडा घेत नाही, नाणे घेतो. हे सगळे खरे आहे. विकत घेताना तुम्हाला कुणी सांगितले नव्हते, एवढेच.

तो ऐकून घेतो. मग विचारतो, "फरक नाही म्हणता, तर सत्तरवालं काहून नाही घेतलं तुम्ही?"

या प्रश्नाला उत्तर नाही. पाचशे कमी करा.